अप्रकट उष्णता आणि उद्धरणाचे मोल : इंदूर येथील एका संशोधनाचा इतिहास

१

अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा २०२३ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाली आणि २०२४ साली ते नाव अधिकृत झाले. चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मग्राम होय. ३१ मे १७२५ रोजी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वर येथून माळव्याचा कारभार पाहिला, आणि देशातील तीर्थक्षेत्री घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारून आपले नाव चिरस्थायी केले. होळकरांच्या राजधानीमुळे मराठी भाषेचे एक मोठे केंद्र बनलेल्या इंदूर नगरात १९६४ साली विद्यापीठ स्थापन झाले. १९८८ साली त्यास देवी अहिल्या विश्वविद्यालय हे नाव देण्यात आले.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, राहाता तालुक्यात, शिर्डी आहे. तेथील साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छपरावर बसविलेल्या सौर बाष्पयंत्रणेचे उद्घाटन जुलै २००९ मध्ये झाले. ७३ अन्वस्ताकार परावर्तक सूर्याच्या गतीबरोबर फिरत राहून दिवसाकाठी सुमारे ३,५०० किलोग्रॅम वाफ निर्माण करतील व तीवर वीस हजार भाविकांचे अन्न शिजेल, अशी तिची योजना होती. यंत्रणेस १ कोटी ३३ लाख रुपये खर्च आला आणि तिच्यामुळे वर्षाकाठी सुमारे एक लाख किलोग्रॅम इंधनवायूची बचत होईल असे त्या वेळी सांगण्यात आले. या प्रकारची ती जगातील सर्वांत मोठी यंत्रणा म्हणून तेव्हा जाहीर झाली होती.

त्याच २००९ साली ‘रिन्युएबल अँड सस्टेनेबल एनर्जी रिव्ह्यूज’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या तेराव्या खंडात ३१८ ते ३४५ या पृष्ठांवर एक आढावालेख प्रसिद्ध झाला. अतुल शर्मा, व्ही. व्ही. त्यागी, सी. आर. चेन आणि डी. बुद्धी हे त्याचे लेखक. उष्णता साठविण्यासाठी वापरावयाच्या अवस्थांतर-पदार्थांचा व त्यांच्या उपयोगांचा परामर्श हा त्याचा विषय. या लेखाचे मूळ देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या ऊर्जा व पर्यावरण अभ्यासशाळेतील प्रयोगशाळेत होते. पुढील वर्षांत त्याचा उल्लेख जगभरच्या हजारो शोधनिबंधांत झाला, आणि आपल्या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत लेखांत त्याची गणना होऊ लागली.

या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. सूर्य दिवसा तापतो, पण भोजन रात्रीही व्हावयाचे असते. तेव्हा दुपारचे ऊन रात्रीच्या चुलीपर्यंत न्यावयाचे कसे? शिर्डीच्या यंत्रणेने हा प्रश्न जुन्या बाष्पित्राची जोड कायम ठेवून सोडविला. इंदूरच्या प्रयोगशाळेने तो पदार्थांच्या द्वारे सोडवू पाहिला. ज्या प्रयत्नाचे उद्धरण जगभर झाले, तो स्वयंपाकघरात कोठवर पोहोचला, आणि उद्धरणांची मोजदाद या बाबतीत नेमके काय सांगते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

पदार्थ वितळताना त्यास दिलेली उष्णता त्याचे तापमान वाढवीत नाही, ही गोष्ट स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक याने १७६१ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिली. एक ग्रॅम बर्फाचे पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. मात्र बर्फ पूर्णपणे वितळेपर्यंत तापमापी शून्य अंशावरून हलत नाही. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास तर सुमारे ५४० कॅलरी लागतात आणि तापमापी शंभर अंशांवरच राहते. ही उष्णता नष्ट झालेली नसते. वाफेचे पुन्हा पाणी होताना व पाण्याचे पुन्हा बर्फ होताना ती जशीच्या तशी परत मिळते.

ब्लॅकने या उष्णतेस लपून राहणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून नाव दिले. मराठीत तिच्यासाठी गुप्त, सुप्त आणि अप्रकट अशी तीन विशेषणे वापरली गेली आहेत. त्यांपैकी अप्रकट हे अधिक यथार्थ म्हणावयास हरकत नाही. ही उष्णता कोणी दडविलेली नसते, तशी ती निद्रिस्तही नसते. पदार्थाच्या कणांची बांधणी सोडविण्याचे काम ती करीतच असते. तापमापीला ती दिसत नाही, एवढेच.

साठवणुकीच्या दृष्टीने या गुणाचे महत्त्व उघड आहे. एक किलोग्रॅम पाणी दहा अंशांनी तापविले असता त्यात सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता साठते. उलट ॲसिटामाइड नावाचा सेंद्रिय पदार्थ ८२ अंशांस वितळतो व त्या एकाच तापमानावर किलोग्रॅममागे सुमारे २६३ किलोज्यूल उष्णता पोटात घेतो. सूर्य मावळल्यावर तो घट्ट होऊ लागला म्हणजे तीच उष्णता जवळजवळ स्थिर तापमानावर बाहेर पडते. अशा रीतीने वितळण्या-गोठण्याच्या क्रियेतून उष्णता साठविण्यासाठी योजलेले द्रव्य म्हणजे अवस्थांतर-पदार्थ. मेण, मेदाम्ले, जलयुक्त लवणे, काही धातू व त्यांची मिश्रणे यांचा यात समावेश होतो.

३

या तत्त्वाचा घराच्या उबेसाठी उपयोग करण्याचा गाजलेला प्रयत्न १९४८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डोव्हर या गावी झाला. हंगेरीत जन्मलेल्या मारिया टेल्केस या विदुषीने तेथील एका घरात सौर उष्णता साठविण्यासाठी ग्लौबर लवण, म्हणजे जलयुक्त सोडियम सल्फेट, टनांच्या मापाने भरले. हे लवण सुमारे ३२ अंशांस वितळते, स्वस्त असते व भरपूर उष्णता घेते. प्रारंभी घर उबदार राहिले. परंतु वितळताना लवणाचा एक भाग पाण्यापासून विलग होऊन तळाशी बसे, आणि थंड होताना तो पुन्हा पुरता मिसळत नसे. प्रत्येक आवर्तनागणिक साठवणशक्ती घटत गेली, आणि काही हिवाळ्यांनंतर ही योजना सोडून द्यावी लागली. पदार्थ एकदा उष्णता साठवितो एवढे सिद्ध करून भागत नाही, तो हजारदा वितळून गोठल्यावर काय करतो हे पाहिले पाहिजे, हा धडा या क्षेत्रास डोव्हरच्या घराने दिला.

भारतात सौर ऊर्जेचा विचार प्रथम स्वयंपाकाच्या अंगाने झाला, आणि ते स्वाभाविकही होते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एम. एल. घई यांनी १९५० नंतरच्या दशकात अन्वस्ताकार परावर्तकाची सौर चूल तयार केली. तिचा बराच गाजावाजा झाला. पण घरोघरी तिला स्थान मिळाले नाही. उन्हात उभे राहून, दर काही मिनिटांनी परावर्तक फिरवीत स्वयंपाक करणे गृहिणीला परवडणारे नव्हते, आणि सायंकाळी तर ती चूल निरुपयोगीच होती. पुढे १९८२ साली केंद्र शासनाने अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग काढला व पेटीच्या आकाराच्या सौर चुलीचा प्रसार सुरू झाला. काळा रंग दिलेली पेटी, वर काचेची दोन आवरणे व झाकणाला आरसा, अशी तिची साधी रचना होती. या चुलीपाशी उभे राहण्याची गरज नव्हती. सकाळी डाळ-तांदूळ आत ठेवावेत, दुपारी शिजलेले काढावेत. मात्र सायंकाळचा प्रश्न तिनेही सोडविला नव्हता.

४

इंदूरचे कार्य या टप्प्यावर सुरू होते. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या ऊर्जा व पर्यावरण अभ्यासशाळेत उष्णतेच्या साठवणुकीसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. डी. बुद्धी, आर. एल. सॉहनी, एस. डी. शर्मा आणि अतुल शर्मा ही नावे तिच्या निबंधांवर पुनःपुन्हा आढळतात. फेब्रुवारी १९९४ मध्ये याच विषयावरील एक परिषद इंदूर येथे भरली, यावरून कार्याची दिशा तोवर निश्चित झाली होती असे दिसते.

१९९७ साली बुद्धी आणि साहू यांनी ‘एनर्जी कन्व्हर्शन अँड मॅनेजमेंट’ या नियतकालिकात एका सुधारित पेटी-चुलीचे वर्णन प्रसिद्ध केले. चुलीच्या तळपत्र्याखाली त्यांनी व्यापारी प्रतीचे स्टिअरिक आम्ल भरले होते. मेणबत्त्या व साबण यांच्या धंद्यात वापरले जाणारे हे द्रव्य बाजारात सहज मिळते. त्यांनी वापरलेल्या नमुन्याचा वितळणांक सुमारे ५५ अंश व अप्रकट उष्णता किलोग्रॅममागे सुमारे १६० किलोज्यूल होती. सायंकाळीही अन्न शिजविणे शक्य आहे, असा या प्रयोगाचा निष्कर्ष होता. परंतु तळाच्या पत्र्याखालून भांड्यापर्यंत उष्णता फार मंद गतीने पोहोचे व शिजण्यास वेळ लागे.

या उणिवेवर उपाय म्हणून २००० साली शर्मा, बुद्धी, सॉहनी आणि शर्मा यांनी पदार्थाची जागाच बदलली. स्वयंपाकाच्या भांड्याभोवती दुसरे भांडे बसवून, दोहोंमधील पोकळीत दोन किलोग्रॅम ॲसिटामाइड भरण्यात आले. आता उष्णता चोहोबाजूंनी भांड्यास मिळू लागली. इंदूरच्या हिवाळ्यात, दुपारी साडेतीन वाजण्यापूर्वी दुसरा घाणा चुलीत ठेवला तर तो शिजून निघतो, असे त्यांनी नोंदविले. त्याचबरोबर सायंकाळच्या स्वयंपाकासाठी पदार्थाचा वितळणांक १०५ ते ११० अंशांच्या दरम्यान असावयास हवा, असेही त्यांनी सांगितले.

या शिफारशीचे कारण साध्या हिशेबाने ध्यानात येते. दोन किलोग्रॅम ॲसिटामाइडमध्ये सुमारे ५२६ किलोज्यूल अप्रकट उष्णता साठते. एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे २९३ किलोज्यूल पुरतात. म्हणजे केवळ परिमाण पाहिले तर साठा पाऊणे दोन किलोग्रॅम पाणी उकळण्याइतका आहे. पण ॲसिटामाइड ८२ अंशांवर गोठते; त्याच्या अप्रकट उष्णतेने पाणी ८२ अंशांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि त्या तापमानाच्या जवळ गेल्यावर उष्णतेचा ओघही क्षीण होत जातो. उंच जागी असलेले पाणी सखल जागी वाहते, तशी उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. टाकी कितीही मोठी असली तरी ती नळाच्या तोटीपेक्षा खाली असल्यास तिचा उपयोग नाही. तुरीच्या डाळीसारखे धान्य उकळत्या पाण्यातच नीट शिजते. तेव्हा साठवणुकीचा पदार्थ शंभर अंशांच्या वर वितळणारा हवा.

म्हणून २००३ साली बुद्धी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ११९ अंशांस वितळणारे ॲसिटॅनिलाइड घेतले. त्याची अप्रकट उष्णता किलोग्रॅममागे २२२ किलोज्यूल इतकी आहे. चार किलोग्रॅम पदार्थ वितळविण्यास अधिक ऊन लागणार, म्हणून चुलीस एकाऐवजी तीन आरसे लावण्यात आले. या व्यवस्थेने रात्री आठ वाजेपर्यंत अन्न शिजविता आले. घईंच्या चुलीपासून राहिलेला सायंकाळचा प्रश्न, निदान प्रयोगाच्या अंगणात, अशा रीतीने सुटला.

याच्या जोडीने पदार्थांच्या टिकाऊपणाची परीक्षा चालू होती. स्टिअरिक आम्ल, ॲसिटामाइड आणि पॅराफिन मेण यांचे व्यापारी नमुने कृत्रिम रीतीने वारंवार वितळवून व गोठवून, ठरावीक आवर्तनांनंतर त्यांचा वितळणांक व अप्रकट उष्णता मोजण्यात आली. १९९९ साली ‘सोलर एनर्जी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही आवर्तने ३०० होती, २००२ च्या निबंधात ती १,५०० झाली. दिवसास एक आवर्तन धरले तर हा काळ चार वर्षांहून थोडा अधिक भरतो. ॲसिटामाइड व पॅराफिन यांनी या कसोटीत बऱ्यापैकी स्थैर्य दाखविले. स्टिअरिक आम्ल मात्र एका निश्चित तापमानावर न वितळता विस्तृत तापमानकक्षेत वितळत असल्याचे आढळले. प्रयोगशाळेतील शुद्ध द्रव्य सोडून दुकानात मिळणारे द्रव्य तपासणे, हा या कार्याचा विशेष होय. ज्या देशात चूल स्वस्त असावी लागते, तेथे शुद्ध द्रव्यावरील निष्कर्षांचा उपयोग मर्यादित असतो, हे या संशोधकांनी ओळखले होते.

५

२००९ चा आढावालेख या सर्व कार्याच्या अखेरीस येतो. तो लिहिला गेला तेव्हा अतुल शर्मा तैवानमधील कुन शान विद्यापीठात होते, चेन तेथलेच, आणि बुद्धी इंदुरात होते. लेखाची मांडणी कोशासारखी आहे. पदार्थांचे वर्गीकरण, वितळणांकांच्या व अप्रकट उष्णतेच्या सारण्या, गुणधर्म मोजण्याच्या पद्धती, दीर्घकालीन स्थैर्य, उष्णतावहन सुधारण्याचे उपाय, आणि शेवटी पाणी तापविणे, स्वयंपाक, हरितगृहे, इमारती इत्यादी उपयोग, असा त्याचा क्रम आहे.

हा लेख निराधार उभा राहिलेला नाही. १९८३ साली आभट यांनी ‘सोलर एनर्जी’मध्ये कमी तापमानाच्या साठवणपदार्थांचा पायाभूत आढावा घेतला होता. त्याच दशकात जॉर्ज लेन यांचा द्विखंडी ग्रंथ निघाला. २००३ साली स्पेनमधील झाल्बा व सहकाऱ्यांनी आणि २००४ साली फरीद व सहकाऱ्यांनी विस्तृत परामर्श लिहिले. इंदूरच्या लेखाने या परंपरेत एक गोष्ट घातली, ती अशी की भारतीय पेटी-चुलीवरील छोटे छोटे प्रयोग, जे अन्यथा मोजक्या वाचकांपुरते राहिले असते, ते पदार्थांच्या जागतिक सूचीत दाखल झाले. चिनी, युरोपीय किंवा अमेरिकी संशोधकास इमारतीच्या भिंतीत मेण भरावयाचे असो वा विद्युत्‌घटांचे तापमान आवरावयाचे असो, त्यास आरंभी एक विश्वसनीय सूची लागते. ती या लेखात मिळाली. हजारो उद्धरणांचे हे प्रमुख कारण होय. आढावालेख मूळ प्रयोगांपेक्षा अधिक उद्धृत होतात, हा विज्ञानव्यवहाराचा सर्वत्र दिसणारा नियम आहे. हा लेख त्यास अपवाद नाही.

परंतु येथेच इतिहासकाराने थांबून पाहिले पाहिजे. आढावालेख उद्धृत होतो तेव्हा त्यातील नेमके काय उचलले जाते? पुष्कळदा असे उद्धरण निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात, अवस्थांतर-पदार्थ उष्णता साठविण्यास उपयुक्त आहेत या सर्वमान्य विधानास आधार म्हणून येते. साडेतीन वाजण्यापूर्वी भांडे चुलीत गेले पाहिजे, ही अट त्या विधानाबरोबर जात नाही. उष्णता मंद गतीने पोहोचते, ही नोंद जात नाही. स्टिअरिक आम्ल विस्तृत कक्षेत वितळते, हेही मागे राहते.

उद्धरण या शब्दातच याची सूचना आहे. ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘हृ’ हा धातू यांपासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वर उचलणे, बाहेर काढणे असा आहे. विहिरीतून पाणी काढले म्हणजे विहीर जागीच राहते. वाक्य उचलले म्हणजे ज्या अटींमध्ये ते खरे होते, त्या अटी त्याच्याबरोबर आपोआप येत नाहीत. त्या आणावयाच्या तर लेखकाने मुद्दाम आणाव्या लागतात.

६

पूर्वसूरींचा उल्लेख करण्याच्या रीती विद्येच्या इतिहासात अनेक आहेत, व त्यांचे हेतूही भिन्न आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीत शाकटायन, शाकल्य, गार्ग्य, आपिशलि इत्यादी दहा आचार्यांची नावे घेतली आहेत. हे उल्लेख प्रास्ताविकात नाहीत; ज्या विशिष्ट सूत्रात त्या आचार्याच्या मताचा प्रश्न आला, त्याच सूत्रात ते आहेत. असा उल्लेख विकल्प दाखविण्यासाठी आहे की आदरार्थ आहे, याची टीकाकारांनी स्थळोस्थळी चर्चा केली आहे. म्हणजे नाव आले की ते का आले, हे विचारण्याची रीत व्याकरणपरंपरेत पूर्वीपासून होती. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच नेवासे येथे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत गीतेच्या भाष्यकारांचा जो निर्देश येतो, तो ऋणनिर्देश आहे. त्याचा हेतू परंपरेत आपले स्थान नम्रपणे सांगणे हा होय.

आधुनिक उद्धरणगणनेचा उगम मात्र न्यायालयांच्या व्यवहारात आहे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३ साली न्यायनिर्णयांची एक सूची सुरू केली. एखाद्या निर्णयाचा पुढे कोणकोणत्या निर्णयांत उल्लेख झाला, हे तीत दिलेले असे. एवढेच नव्हे, तर पुढील न्यायालयाने तो निर्णय कायम केला, वेगळा ठरविला की रद्द केला, हेही अक्षरचिन्हांनी दर्शविलेले असे. वकिलास हे कळणे अत्यावश्यक होते. रद्द झालेल्या निर्णयाचा आधार घेतला तर पक्षकाराचा दावा बुडावयाचा. यूजीन गारफील्ड याने १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी अशा सूचीची कल्पना मांडली, ती शेपर्डची सूची डोळ्यांसमोर ठेवूनच. १९६४ मध्ये त्याची विज्ञान-उद्धरणसूची नियमितपणे निघू लागली. मात्र शेपर्डची चिन्हे तीत आली नाहीत. कोणी कोणाचा उल्लेख केला हे राहिले. तो मान्य करण्यासाठी केला, की खोडून काढण्यासाठी, की केवळ रिवाजापुरता, हे गळून पडले.

मूळ हेतू वाङ्मयाचा शोध सुलभ करणे हा होता. पुढे या सूचीतून संख्या काढणे सोपे आहे असे दिसून आले. २००५ साली जॉर्ज हिर्श याने एका अंकात संशोधकाचे कर्तृत्व सांगणारा निर्देशांक सुचविला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकांशी जोडल्या, आणि २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या उद्धरणांना स्थान मिळाले. अशा व्यवस्थेत आढावालेख लिहिणे लाभदायक ठरते, आणि पंधराशे वेळा मेण वितळवून मोजमाप करीत बसणे तोट्याचे. इंदूरच्या प्रयोगशाळेने दोन्ही कामे केली. किंबहुना दुसरे काम आधी केले म्हणूनच पहिल्यास वजन आले. पुढच्या पिढीने केवळ गणना पाहून पहिल्याचेच अनुकरण केले, तर उचलावयास विहिरीत पाणी उरणार नाही.

७

आता पुन्हा शिर्डीकडे वळावयास हवे. तेथील यंत्रणेची दैनिक वाफ ३,५०० किलोग्रॅम धरली, आणि किलोग्रॅममागे वाफेची अप्रकट उष्णता २,२५७ किलोज्यूल धरली, तर दिवसाची उष्णता सुमारे ७९ लाख किलोज्यूल होते. यातील निम्मी रात्रीच्या भोजनासाठी ॲसिटॅनिलाइडमध्ये साठवावयाची म्हटली, तर कोणतीही गळती न धरता सुमारे १८ टन पदार्थ लागेल. इंदूरच्या चुलीत तो चार किलोग्रॅम होता.

अडचण केवळ वजनाची नाही. अशा सेंद्रिय पदार्थांची उष्णतावाहकता पाण्याहूनही कमी असते. उष्णता बाहेर पडू लागली की नळीलगतचा थर प्रथम गोठतो, आणि तो गोठलेला थरच आतील वितळलेल्या भागाच्या उष्णतेस आडवा येतो. एका भांड्याभोवतीच्या पातळ थरात हा दोष सोसण्यासारखा असतो. १८ टनांच्या टाकीत त्यासाठी धातूच्या पंखांची किंवा नळ्यांची दाट रचना करावी लागेल व खर्च वाढेल. शिवाय ॲसिटॅनिलाइड हे १८८६ साली ज्वरनाशक म्हणून प्रचारात आलेले व पुढे विषारी परिणामांमुळे मागे पडलेले द्रव्य आहे. हजारो लोकांच्या अन्नाजवळ ते ठेवावयाचे तर गळतीविरुद्ध कडेकोट व्यवस्था हवी.

राजस्थानात अबू रोड येथे ब्रह्माकुमारी संस्थेने २०१० नंतरच्या दशकात प्रत्येकी साठ चौरस मीटरच्या ७७० परावर्तकांचा सौर औष्णिक प्रकल्प उभारला. तेथे उष्णता साठविण्यासाठी बिडाचे ठोकळे निवडण्यात आले. बीड वितळवावयाचे नसते. ते केवळ तापते. दोनशे अंशांच्या फरकास किलोग्रॅममागे सुमारे ९२ किलोज्यूल, म्हणजे ॲसिटॅनिलाइडच्या निम्म्याहून कमी उष्णता त्यात मावते. पण ते गळत नाही, विघटित होत नाही, आणि उष्णता झटकन देते. जेथे मोठ्या प्रमाणावर उष्णता साठवावयाची होती, तेथे अवस्थांतर-पदार्थ सोडून जड व ओबडधोबड धातूकडे जाणे सोयीचे ठरले, ही गोष्ट उद्धरणांच्या कोणत्याही सूचीत दिसणार नाही.

यावरून इंदूरचे संशोधन निष्फळ झाले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. वितळणांक १०५ ते ११० अंशांच्या दरम्यान हवा, पदार्थ भांड्याच्या तळाशी नसून भोवती हवा, व्यापारी नमुना आवर्तनांच्या कसोटीस लावूनच निवडावा, हे तीन निष्कर्ष सायंकाळच्या चुलीचा विचार करणाऱ्या कोणासही टाळता येणार नाहीत. उद्धरणांच्या संख्येने त्यांचा प्रसार झाला हे खरे. पण प्रसार झाला म्हणजे उपयोग झाला असे होत नाही, आणि उपयोग झाला नाही म्हणजे कार्य खोटे ठरले असेही होत नाही. उद्धरणसंख्या ही प्रसाराची नोंद आहे. तिला गुणवत्तेची किंवा उपयोगाची नोंद समजणे ही वाचणाराची चूक आहे, मोजणाराची नव्हे.

विद्यापीठीय लेखनात यावर एक साधा उपाय करता येण्यासारखा आहे. आधार देताना केवळ लेखकाचे नाव व वर्ष न देता, त्याच्याकडून कोणती गोष्ट घेतली, ती कोणत्या अटीवर खरी आहे, आणि ती आपल्याला मान्य आहे की नाही, हे एका वाक्यात सांगावे. शेपर्डच्या सूचीतील चिन्हे हेच काम करीत होती. वैयाकरणांच्या टीकांनीही तेच केले. असे झाले तर २००० सालच्या त्या निबंधाचा उल्लेख करणारा लेखक दोन किलोग्रॅम ॲसिटामाइड, हिवाळ्यातील ऊन आणि दुपारचे साडेतीन या तिन्ही गोष्टी आपल्या वाचकापर्यंत नेईल. मग शिर्डीसारख्या एखाद्या अन्नछत्राचा व्यवस्थापक किंवा खेड्यातील एखादी चूल करणारा कारागीर तो वाचील, तेव्हा रात्रीच्या भातासाठी ऊन कोठवर पुरेल याचा हिशेब त्याला स्वतः मांडता येईल.